मंडळाच्या, शाळेच्या, गावच्या कामात एआय वापरायचं तर कसं वापरायचं

हल्ली गोव्यात बघाल तिथे चवथीच्या पत्रिकेपासून देवस्थानच्या वार्षिक अहवालापर्यंत सगळं एआयकडून लिहून घेतात लोक, आणि त्यात वाईट काहीच नाही, सेक्रेटरीची जागरणं वाचतात. पण नोटिशीवरून सुरू झालेलं हे काम आता पुढे सरकलंय. स्कॉलरशिप कुणाला द्यायची, कर्जाचा कुठला अर्ज बाजूला ठेवायचा, जत्रेत कॅमेऱ्यातून कुणावर नजर ठेवायची, असल्या गोष्टी विचारायला लागलेत. नोटीस चुकली तर दुसरी काढता येते, इथे समोर माणूस आहे आणि त्याचं बरंवाईट होणार आहे. म्हणून हे लिहितेय, फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, जिथे कुठे मंडळं, वाचनालयं, शाळा, पतसंस्था, महिला गट आहेत तिथल्या कारभारी लोकांसाठी.

एक गोष्ट पक्की धरा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. यंत्राने जे काही केलं त्याचा जाब देणारा एक माणूस नावानिशी असला पाहिजे, आणि ज्याच्यावर परिणाम झाला त्याला त्या माणसापर्यंत पोचता आलं पाहिजे. हे नसेल तर ते काम एआयला देऊच नका, कितीही वेळ वाचत असला तरी.

आधी कामांची वाटणी करा

कमिटीच्या मीटिंगला बसा आणि एआयकडून काय काय करून घेताय किंवा घ्यायचंय ते सगळं कागदावर लिहा. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा, हे चुकलं तर कुणाचं नुकसान होणार? पत्रिका, आभाराचं पत्र, हिशेबाचा तक्ता नीट मांडणं, जुन्या अहवालाचा सारांश, यात चुकलं तर आपलीच पंचाईत, दुरुस्त करता येते. पण निवड, नकार, पैसे, शिस्तीची कारवाई, पाळत, यात चुकलं तर दुसऱ्याचं नुकसान, आणि बऱ्याचदा त्याला कळतही नाही की चुकलंय. पहिल्या प्रकाराला खुशाल वापरा, शेवटी एकाने वाचून सही केली म्हणजे झालं. दुसऱ्या प्रकारात एआयने फार तर माहिती गोळा करून द्यावी, निर्णय माणसांनी घ्यावा, आणि कुणी घेतला ते प्रोसिडिंगच्या वहीत नावासकट यावं. "कमिटीने ठरवलं" असं मोघम नको.

वाचून सही करायची म्हणजे खरंच वाचून हं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे जसेच्या तसे कोर्टात दाखल केले आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, ५,००० डॉलरचा दंड बसला. शिकलेसवरलेले वकील. ही यंत्रं खोटंसुद्धा अगदी खऱ्याच्या थाटात लिहितात, भाषा सफाईदार असते म्हणून आपण फसतो.

आणि चवथीच्या पत्रिकेचंच बघा. एआयला सांगितलं की गणेशोत्सवाची पत्रिका लिही, तर तो बहुतेक वेळा मुंबई-पुण्याचा सार्वजनिक उत्सव डोळ्यापुढे ठेवून लिहितो, दहा दिवस, ढोलताशा, अनंत चतुर्दशीला मिरवणूक. आपल्याकडे घरोघर दीड दिवसाचा गणपती, वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, आरतीला घुमट वाद्य, त्याचा त्यात पत्ता नसतो. त्याने जे जास्त वाचलंय तेच तो लिहितो, आणि गोव्याचं त्याने थोडंच वाचलंय. पत्रिकेत हे चालून जाईल, हाताने दुरुस्त कराल. पण हेच यंत्र जर गावातल्या माणसांबद्दल मत देत असेल तर तिथेही ते असंच दुसरीकडचं चित्र घेऊन बसलेलं असतं आणि तिथे ते डोळ्यांना दिसत नाही.

लोकांची माहिती तुमची नाही

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथे होतो. सभासदांची यादी, त्यात नाव, फोन, घर नंबर, जन्मतारीख, कुणी किती वर्गणी दिली, कुणाची थकलीय, सगळी एक्सेल फाईल उचलायची आणि चॅटबॉटमध्ये टाकून म्हणायचं की याचा रिपोर्ट कर. अहो, त्या माणसांनी ती माहिती मंडळाला दिली होती, विश्वासाने दिली होती. ती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलंय. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यात माहिती कशासाठी घेताय ते सांगून संमती घेणं, काम संपल्यावर ती पुसून टाकणं, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती, हे सगळं आहे, आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. गावच्या वाचनालयाला कुणी २५० कोटी लावणार नाही हे खरं, पण कायद्याच्या भीतीने नको, शेजाऱ्याची माहिती आहे म्हणून तरी जपा.

करायचं काय ते सांगते. फाईलची कॉपी काढा. कॉपीतून नाव, फोन, आधार, पत्ता हे रकाने उडवा आणि त्याजागी सभासद १, सभासद २ असं लिहा, कोण कुठला नंबर ती यादी वेगळ्या कागदावर कपाटात. तेवढ्यानेही भागत नाही कधीकधी, कारण छोट्या गावात "वय ७१, विधवा, मुलगा लंडनला, वाड्यावर एकटी" एवढं वाचलं की कोण ते सगळ्यांना कळतं, म्हणून कामाला नको असलेला प्रत्येक तपशील काढा. मग ज्या ॲपमध्ये काम करताय त्याच्या सेटिंगमध्ये जा, चॅटजीपीटीत डेटा कंट्रोल्स म्हणून भाग आहे, तिथे आपली संभाषणं मॉडेल शिकवायला वापरण्याचा पर्याय असतो तो बंद करा, दुसऱ्या ॲपमध्येही असाच कुठेतरी असतो. आणि आजारपणाची माहिती, मुलांची माहिती, घरगुती भांडणाचे अर्ज, हे नावं काढूनही टाकू नका. तेवढं हाताने लिहा.

शाळांना तर हात जोडून सांगते, मुलांचे फोटो "कार्टून करून दे", "ॲनिमेशन करून दे" म्हणत कुठल्याही ॲपला देऊ नका. पालकांनी गॅदरिंगचे फोटो काढायला हो म्हटलं होतं, याला नाही.

निवड करायची असेल तर आधी ही परीक्षा घ्या

समजा मंडळाकडे शिष्यवृत्तीचे ४० अर्ज आलेत आणि कुणीतरी तरुण सभासद म्हणाला की एआयला देऊन क्रम लावू. नाही म्हणू नका लगेच, त्याला सोबत घेऊन हे करून बघा, एका संध्याकाळचं काम आहे.

पाच-सहा खोटे अर्ज तयार करा, खऱ्यासारखे, पण खऱ्या माणसाचे नाहीत. आधी तेच अर्ज काहीही न बदलता दोन-तीनदा द्या आणि क्रम लावायला सांगा. बऱ्याचदा क्रम आपोआपच थोडा हलतो, कारण ही यंत्रं दरवेळी तंतोतंत तेच उत्तर देत नाहीत. किती हलतो ते लिहून ठेवा. म्हणजे निव्वळ नशिबाने कुणाचा नंबर लागला आणि कुणाचा गेला हे तुमच्याच डोळ्यांसमोर येतं. आता एका अर्जात फक्त आडनाव बदला. नाईक होतं तिथे गावडे करा, मग फर्नांडिस, मग शेख. मार्क तेच, उत्पन्न तेच. मग आडनाव तेच ठेवून गाव बदला, पणजीच्या जागी सत्तरीतला एखादा लांबचा वाडा. मुलाच्या जागी मुलगी. शेवटी अर्जाची भाषा बदला, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे: तीच हकीकत एकदा गुळगुळीत इंग्रजीत आणि एकदा साध्या मराठीत, दोन-चार शुद्धलेखनाच्या चुका ठेवून, जशी दहावीतली मुलगी स्वतः लिहील तशी. आणि बघा क्रम कुठे जातो.

भाषेवर विशेष लक्ष ठेवा असं म्हणते त्याला कारण आहे. ज्या घरात कुणी शिकलेलं आहे, किंवा ज्याने अर्जच एआयकडून लिहून घेतलाय, त्याचा कागद छान दिसणार, आणि जिला खरी गरज आहे तिचा कागद ओबडधोबड असणार. शिष्यवृत्ती कुणासाठी ठेवली होती आपण?

ॲमेझॉनसारख्या कंपनीने नोकरीचे अर्ज चाळायला असंच एक यंत्र बनवलं होतं, ते बायकांच्या अर्जांना कमी लेखतंय असं निघालं आणि त्यांनी ते गुंडाळून ठेवलं, ही बातमी २०१८ ची. दहा वर्षांचे जुने अर्ज देऊन शिकवलं होतं त्याला, आणि त्या दहा वर्षांत पुरुषच जास्त होते, मग ते तेच शिकलं. आता आपल्या मंडळाची गेल्या वीस वर्षांची यादी काढून बघा, कुठल्या वाड्यावरची मुलं जास्त दिसतात. ती यादी "यावरून शीक" म्हणून दिलीत तर पुढची वीस वर्षंही तोच वाडा.

परीक्षेत फरक दिसला तर विषय संपला, वापरू नका. नाही दिसला तरी पाच-सहा अर्जांवरून खात्री होत नाही, म्हणून क्रम लावायचं काम माणसांकडेच ठेवा, एआयला फार तर अर्ज पूर्ण आहे का, कुठला कागद राहिलाय तेवढं बघू द्या. ज्याला नाही म्हणालात त्याला दोन ओळींचं कारण माणसाने लिहून द्यायचं. ते कारण "सिस्टीमने खाली टाकलं" याशिवाय लिहिता येत नसेल तर निर्णय अजून झालेलाच नाही, परत बसा.

होमस्टेवाल्यांसाठी थोडक्यात

पेडण्यापासून काणकोणपर्यंत खोल्या भाड्याने देणारे खूप आहेत आणि व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर देणारा बॉट आता स्वस्तात मिळतो. लावा, पण पहिल्याच मेसेजमध्ये हा बॉट आहे असं लिहा आणि माणसाचा नंबर द्या. दर, रद्द केल्यावर परत मिळणारे पैसे, समुद्र पोहण्यासारखा आहे का, या तीन गोष्टींवर बॉटला बोलू देऊ नका. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं होतं, कंपनी म्हणाली बॉट वेगळा, आमची जबाबदारी नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादाने ते साफ फेटाळून पैसे द्यायला लावले. आणि खोलीचे फोटो एआयने सजवू नका, खिडकीतून जे शेत दिसतं ते शेतच दाखवा.

कॅमेरे

चोऱ्या होतात, देवळाच्या फंडपेट्या फुटतात, कॅमेरा हवा हे मान्य. पण बसवायच्या आधी चार गोष्टी ठरवा आणि बोर्डावर लिहा: कुठे बघतोय, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, कोण बघू शकतं, तक्रार कुणाकडे. तळीवर बायका कपडे धुतात तिकडे तोंड नको, शेजाऱ्याच्या दारात नको. पासवर्ड बदला, कंपनीने दिलेला तसाच ठेवतात लोक. रेकॉर्डिंगची क्लिप कुणी मोबाईलवर घेऊन गावच्या ग्रुपवर "हा कोण ओळखता का" म्हणून टाकली तर त्याला जाब विचारायचा, क्लिप द्यायची तर पोलिसांना.

विक्रेता हल्ली चेहरा ओळखणारं फीचर फुकट देतो. ते चालू करू नका. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर सुधारणा झाल्यात, पण गर्दीच्या जत्रेत, रात्रीच्या उजेडात, स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर एखाद्या परप्रांतीय मजुराला यंत्राने चोर म्हटलं तर त्याची बाजू घ्यायला कोण उभं राहणार आहे? जमाव आधी पोचतो.

"सिस्टीममध्ये येत नाही" म्हणाले तर

आत्तापर्यंत आपण वापरणारे होतो, आता आपल्यावर वापरलं जातं तेव्हाचं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे, गृह आधार, रेशन, यातलं काही अचानक थांबतं आणि खिडकीवर उत्तर मिळतं की सिस्टीममध्ये येत नाही. कधी हयातीचा दाखला राहिलेला असतो, कधी आधार आणि बँकेच्या नावात फरक असतो, म्हणजे साधं कारण. पण कारण कुठलंही असो, ते लेखी मागायचं.

कारण जगात काय काय झालंय बघा. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या सॉफ्टवेअरने हिशेबात खोटी तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त पोस्टमास्तर चोर ठरले, काही तुरुंगात गेले. माणसं ओरडून सांगत होती की आम्ही पैसे घेतले नाहीत, पण कॉम्प्युटर म्हणतो म्हणजे खरं. शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये कायदा करावा लागला. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनाच्या अनुदानात हजारो कुटुंबांना फसवे ठरवून सगळे पैसे परत मागितले, धोक्याचा अंदाज करणाऱ्या यंत्रात डच नागरिकत्व नसणं हा एक मुद्दा धरला होता, जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे कितीतरी घरांत एकाचा पोर्तुगीज पासपोर्ट, दुसऱ्याचा भारतीय, नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं. असल्या यंत्राला आपण सगळेच संशयित दिसू शकतो. आणि लांब कशाला, तेलंगणात रेशनकार्डं यंत्राच्या छाननीवरून मोठ्या संख्येने रद्द झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तपासायला सांगितली.

तर करायचं असं. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, माझे पैसे अमुक महिन्यापासून थांबलेत, कारण काय, कुठल्या नियमाने, निर्णय कुठल्या अधिकाऱ्याने घेतला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का तारीख घ्या. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याने, तेच प्रश्न विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गोव्यात ठराविक मुदतीत सेवा देण्याचा २०१३ चा कायदाही आहे, तुमची सेवा त्यात येते का ते विचारा. आणि एकाच वाड्यावर तीनचार जणांचं थांबलेलं दिसलं तर ग्रामसभेत एकत्र मांडा, कारण एकट्याची तक्रार चुकून झाली म्हणून विसरली जाते, चौघांची झाली की कुठेतरी यंत्रातच काहीतरी आहे हे दिसतं. म्हाताऱ्या माणसासोबत कुणीतरी जा. हे काम मंडळाच्या तरुणांनी घेतलं तर त्याहून मोठं समाजकार्य नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आवाज आणि चित्रं

भजनी मंडळातल्या कुणा जाणत्या गायकाचा आवाज क्लोन करून त्यांच्या पश्चात नवीन अभंग "गाऊन घ्यायची" कल्पना ऐकायला भावनिक वाटते, पण त्यांना विचारलं होतं का? ज्यांचं मूळ आपल्या मंगेशीचं त्या आशा भोसलेंच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, आणि त्याआधी २०२४ मध्ये अरिजीत सिंगच्या बाबतीत, परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करायला मनाई केली. तेच न्यायालय गोव्यालाही लागू. हयात असतील तर लेखी विचारा, नसतील तर घरच्यांना, आणि नाही म्हणाले तर नाही. शिगम्याच्या चित्ररथाला, बॅनरला गावातला चित्रकार असेल तर काम त्याला द्या. वाचलेल्या दोन हजारांसाठी त्याच्या हातचं काम घालवू नका.

कुणाचा खोटा व्हिडिओ फिरायला लागला तर

हे वाचून ठेवा, वेळ आली की शोधत बसायला वेळ नसतो. गावातल्या मुलीचा, बाईचा बनवलेला फोटो किंवा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर "हे खरं आहे का" विचारायलासुद्धा पुढे पाठवू नका. अश्लील मजकूर पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, तो एआयने बनवलेला असला तरी. कुणी पाठवला, किती वाजता, लिंक काय, एवढं लिहून ठेवा. तिने स्वतः पुरावा म्हणून स्क्रीनशॉट घ्यावा, पण मुलगी १८ च्या खालची असेल तर कुणीही तो फोटो साठवू नये, नुसती लिंक आणि नंबर घेऊन पोलिसांकडे जावं.

मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, बायका आणि मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, तुमच्या मुलाच्या आवाजात रडत कुणी पैसे मागितले आणि ते गेले असतील तर तासाभराच्या आत याच नंबरवर फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आधी अडवता येतात. स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी ही साईट १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, तुमच्याच फोनवर फोटोची खूण तयार होते, फोटो कुठे जात नाही, आणि त्या खुणेवरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो अडवतात. मुलांसाठी टेक इट डाऊन म्हणून तशीच सेवा आहे. लहान मुलांसाठी १०९८ आहेच.

सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे, पण तक्रार जवळच्या कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हद्दीचं कारण सांगता येत नाही, जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते स्पष्ट लिहिलंय. घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. आणि घरच्यांनी मुलीचा फोन काढून घेऊ नये, तिचं कॉलेज बंद करू नये. तिने काही केलेलं नाही. कमिटीतल्या एखाद्या बाईने त्याच दिवशी तिच्या घरी जावं, तक्रार लिहायला मदत करावी आणि ठाण्यावर सोबत जावं, आणि ग्रुपच्या ॲडमिनने तो मेसेज काढून टाकून खाली एवढंच लिहावं की हा खोटा आहे, ज्यांनी पाठवला त्यांची नावं तक्रारीत गेलीत.